नातवंडं सांभाळता सांभाळता आजीनं स्वतःला कसं सांभाळायचं?

(टेंभुर्णी इथं डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोलल्याप्रमाणेच देत आहोत.)

सगळ्या मावश्या, काकू, वहिनी, माझ्या बरोबरीच्या ताया, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या आज्यांनो, एसटीचा संप चालू आहे, तरी वडापला जादा पैसे मोजून, कुणी गाडीच्या मागं बसून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानते.

दर महिन्याला आपण बचत, कर्जफेड, बँकेचं खातं यावर बोलतो. आज मला आजीबद्दल बोलायचंय. आजोबांबद्दलही बोलणार आहे, पण आधी आजी. गेल्या काही महिन्यांत मी गावोगावच्या बैठकांना जाते तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. बैठकीला जी बाई उशिरा येते, लवकर उठते, सही करताना जिचं लक्ष दाराकडं असतं, ती बहुतेक वेळा साठीच्या पुढची असते आणि तिच्या मांडीवर नाहीतर बोटाला एखादं पोर असतं. “पोराला टाकून कुठं यायचं?” असं ती म्हणते. आणि आपण सगळ्या मान डोलावून पुढच्या विषयाकडं वळतो.

आज त्या प्रश्नावर थोडं थांबूया.

तीन प्रकारची घरं

कोरोनाच्या काळात आजीकडं नातवंडं तीन वाटांनी आली. तुमचं घर यातलं कोणतं, ते मनातल्या मनात ओळखा.

पहिली वाट पुण्या-मुंबईची. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा हडपसर, चाकण, भोसरीकडं कामाला असलेली आपली पोरं बायकामुलांसह गावाकडं आली. सहा-आठ महिन्यांनी कंपन्या सुरू झाल्या, नवराबायको परत गेले, पण शाळा बंद होत्या. खोलीत पोरांना कोण बघणार? म्हणून पोरं इथंच ठेवली. “थोडे दिवस ठेव आई” म्हणाले होते. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

दुसरी वाट इथल्याच कष्टाची. सून मजुरीला जाते, लेक साखर कारखान्यावर, नाहीतर आपल्या एमआयडीसीत. शाळा आणि अंगणवाडी चालू होती तेव्हा पोरं दिवसाचे पाच-सहा तास बाहेर असायची. ती दारं बंद झाल्यावर ते सगळे तास आजीच्या अंगावर आले.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड. या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत जी लाट आली, तिच्यात कुणाचा लेक गेला, कुणाची सून गेली, कुणाची लेक आणि जावई दोघं गेले. ऑगस्टमध्येसुद्धा पंढरपूर, माळशिरस, करमाळा, सांगोला आणि आपला माढा या पाच तालुक्यांत कडक निर्बंध लावावे लागले होते. तो काळ आपण विसरलेलो नाही. या घरांत आजी स्वतः आई म्हणून दुःखात आहे आणि त्याच वेळी तिला पुन्हा एकदा आई व्हावं लागलंय.

हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. जुलै महिन्यात ‘लॅन्सेट’ नावाच्या डॉक्टरी साप्ताहिकात जगभरातला एक अंदाज छापून आला. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत १५ लाखांहून जास्त मुलांनी आई, वडील किंवा घरात राहून सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावले, असं त्यात म्हटलंय. त्या अंदाजात आजी-आजोबांनाही धरलंय. म्हणजे आजी गेली तर पोराचं छत्रच जातं, हे शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय. मग ते छत्र टिकवायची काळजी आपण नको का घ्यायला?

“आम्ही काय काय बघितलंय, पोरी”

हे वाक्य मी खूप ऐकते, आणि ते खरंच आहे. तुमच्यातल्या कितीजणींनी ७२ चा दुष्काळ बघितलाय. खडी फोडायला गेलात, मिलोची भाकरी खाल्लीत. काहींनी उजनीच्या पाण्यात आपलं गाव, आपलं देऊळ, आपली काळी जमीन जाताना बघितली आणि नव्या गावठाणात परत चूल मांडली. अशा बाईला एखादी पोरसवदा समन्वयक येऊन ताण म्हणजे काय ते सांगते, याचं हसू येणं साहजिक आहे.

पण आजी, एक फरक लक्षात घ्या. दुष्काळात माणसं एकमेकांच्या जवळ आली. खडीच्या कामावर शंभरजणी एका जागी होत्या. दुःख झालं की गळ्यात पडून रडता यायचं. कोरोनानं नेमकं तेच बंद केलं. माणूस गेलं तर तोंड बघता आलं नाही. भावकी दारात आली नाही. दहावा-तेरावा चार माणसांत उरकला. माहेरचं कुणी आलं नाही. दोन वर्षं आषाढीची वारी पायी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. भजन बंद, हळदीकुंकू बंद, आपल्या बैठकासुद्धा कित्येक महिने बंद. ज्या ज्या जागी बाईमाणूस मन मोकळं करतं, त्या सगळ्या जागा एकदम बंद झाल्या.

शिवाय तेव्हा तुम्ही पंचविशीच्या होतात. आज गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, डोळ्यांना कमी दिसतं. ओझं तेवढंच आहे, पण वाहणारं अंग थकलंय. त्यामुळं “आम्ही सहन केलं, आताही करू” एवढ्यावर भागणार नाही.

ताण अंगातून बोलतो

“मला ताण आहे” असं आपल्याकडची आजी कधी म्हणत नाही. ती म्हणते, “डोकं जड झालंय.” “जीव घाबरा होतो.” “रात्री दोनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही.” “अन्न गोड लागत नाही.” “लई विचार येतात.” दवाखान्यात जाते, सलाईन लावून येते, चार दिवस बरं वाटतं, परत तेच.

या खुणा ओळखायला शिका:

• दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नीट नाही, भूक नाही.
• छातीत धडधड, हातापायाला कंप, उगीच भीती. फोन वाजला तरी काळजात धस्स होतं.
• बारीकसारीक गोष्टीवरून पोरावर हात उगारला जातो, आणि नंतर स्वतःचाच राग येतो.
• स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकायला लागतात.
• “माझं आयुष्य त्याला लागलं असतं तर बरं झालं असतं,” “मी उगीच मागं राहिले,” असं वारंवार तोंडातून येतं.

पहिल्या चार खुणा दिसल्या तर आजीला मदतीची गरज आहे. पाचवी खूण दिसली तर त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडं न्यायचं, एकटं सोडायचं नाही. “असं बोलू नये आजी” म्हणून विषय बदलू नका. “कधीपासून असं वाटतंय?” असं विचारा आणि ऐका. प्रत्येक जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा सरकारी कार्यक्रम आहे, त्याची वाट आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून मिळते. आशाताईंना सोबत घ्या. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. मोतीबिंदूला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो तसंच हे.

छातीत धडधड आहे म्हणजे ताणच असेल, असंही गृहीत धरू नका. आधी बीपी, शुगर तपासून घ्या. अंगावर काढणं ही आपली जुनी सवय आहे.

पोराला काय सांगायचं?

एका गावातली गोष्ट सांगते, नाव गाव सांगत नाही. पाच वर्षांच्या मुलाला घरच्यांनी सांगितलं, “आई गावाला गेलीय.” पोर रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसायचं. गाडी थांबली की उठून बघायचं. आजीला ते बघवेना, म्हणून ती त्याला रागवायची. शेवटी आजीनंच एक दिवस त्याला जवळ घेऊन सांगितलं, “तुझी आई आजारी पडली होती. डॉक्टरांनी लई प्रयत्न केले. पण ती वारली. ती आता परत येणार नाही. मी आहे, मी तुझ्याजवळ आहे.” दोघं खूप रडले. त्यानंतर पोर फाट्यावर गेलं नाही. रात्री आजीला आईच्या गोष्टी विचारायला लागलं.

खोटं सांगून आपण पोराला वाचवतो असं वाटतं, पण पोर वाट बघत राहतं, आणि त्याची वाट बघणं आजीला रोज नव्यानं बघावं लागतं. म्हणून सोप्या शब्दांत खरं सांगा. “देवाघरी गेली” म्हणायचं तर म्हणा, पण “परत येणार नाही” हेही सांगा. आणि एक गोष्ट नक्की सांगा, “यात तुझी काही चूक नाही.” लहान मुलांना मनातून वाटतं की आपण हट्ट केला म्हणून आई गेली, आपल्यामुळंच घरात आजार आला. ते कुणाला बोलत नाहीत.

मोठं झालेलं पोर पुन्हा अंथरुण ओलं करतं, सारखं पदर धरून फिरतं, नाहीतर एकदम गप्प होतं, चिडतं, वस्तू फेकतं. हा वाह्यातपणा नाही. दुःख बोलता येत नाही म्हणून ते असं बाहेर येतं. अशा पोराला मार नको, रोजची ठरलेली घडी पाहिजे. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी अंघोळ, ठरलेल्या वेळी झोप. घर अंगणाला लागतं ते पोराला अशा घडीतूनच कळतं. आणि त्याच्यासमोर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. आजी रडते म्हणजे रडायला हरकत नाही, हे पोराला कळतं.

शाळा आणि मोबाईल

१ डिसेंबरपासून आपल्याकडं पहिली ते चौथीचे वर्गही भरायला लागले. मार्च २०२० नंतर पहिल्यांदाच. खूप आज्यांनी मला सांगितलं, “शाळेची घंटा ऐकली आणि हातपाय मोकळे झाले.” पण आता नवी काळजी आहे. दोन वर्षांत पोर वाचायचं विसरलं. दुसरीतलं पोर पहिलीला शाळेत बसलंच नव्हतं. आणि आजीला वाटतं, “मला शिकवता आलं नाही, माझ्यामुळं पोराचं नुकसान झालं.”

आजी, हे मनातून काढून टाका. शिकवायची जबाबदारी शाळेची. तुम्ही पोराला जगवलं, धुवून-माखून, खाऊ घालून शाळेच्या दारापर्यंत आणलं, ते तुमचं काम तुम्ही केलं. उरलेल्यासाठी शिक्षकांशी बोला. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत आहेत. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकात तो चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो ना, क्यूआर कोड, त्याच्यामागं त्यांचं मोठं काम आहे. मोबाईलनं तो कोड धरला की धड्याची गोष्ट, कविता ऐकू येते. ज्या आजीला वाचता येत नाही ती नातवाबरोबर बसून ऐकू तर शकते. तुमच्या गटातल्या नववी-दहावीच्या एखाद्या मुलीला सांगा, ती दाखवेल.

आणि मोबाईलवरून रोज जी भांडणं होतात त्याबद्दल एकच सांगते. मोबाईल एकदम हिसकावून घेतला तर पोर कांगावा करतं आणि आजीचं बीपी वाढतं. वेळ बांधून द्या. जेवताना नाही, रात्री अंथरुणात नाही. आणि ही वेळ आई-बापांशी आधी बोलून ठरवा. पुण्यावरून बापानं फोनवर “बघू दे की त्याला” म्हणायचं आणि इथं आजीनं “नको” म्हणायचं, असं झालं की पोर आजीचं ऐकत नाही. जी आजी सांभाळते तिचा शब्द आई-बापांनी राखला पाहिजे. इथं बसलेल्या सुनांनो, लेकींनो, हे तुमच्यासाठी आहे.

आजीनं स्वतःसाठी काय करायचं?

चारच गोष्टी सांगते. मोठ्या नाहीत, पण रोज करायच्या आहेत.

एक, स्वतःची गोळी. नातवाला दूध देताना गोळीची आठवण करायची. गोळ्यांची डबी दुधाच्या पातेल्याजवळ ठेवा. आणि लसीचा दुसरा डोस राहिला असेल तर या आठवड्यात घ्या. लहान पोरांना अजून लस नाही. आता ती शाळेत जातात, चार पोरांत मिसळतात, घरी येऊन आजीच्या कुशीत शिरतात. नवा प्रकार आल्याच्या बातम्या तुम्ही ऐकताच आहात. नातवाला दूर ढकलता येत नाही, तर आपण लस घेऊन तयार राहायचं.

दोन, रोजचा एक तास. या तासात आजी कुणाची आजी नाही. देवळात जाऊन बसेल, शेजारणीशी बोलेल, नुसती पडून राहील. हा तास कुणी द्यायचा ते घरात ठरवा. सून कामावरून आल्यावर, आजोबा, नाहीतर शेजारीण. आज तिनं तुमचं पोर बघितलं, उद्या तुम्ही तिचं. भांगलणीला, काढणीला आपण एकमेकींच्या रानात वारंगुळा करतो, म्हणजे आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. तसाच हा पोरं सांभाळायचा वारंगुळा.

तीन, कामाची वाटणी. आठ-दहा वर्षांच्या नातवाला पाणी भरता येतं, अंथरुण घालता येतं. नातीलाच सांगू नका, नातवालाही सांगा. काम दिलं की पोराला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटतं, तेही त्याच्या दुःखावर औषध आहे.

चार, “नाही” म्हणणं. एका आजीकडं तीन लेकांची मिळून सहा पोरं होती. प्रत्येकाला वाटायचं आईला दोन पोरांचं काय ओझं! तिन्ही घरांचं मिळून सहा होतात हे कुणी मोजलंच नव्हतं. शेवटी मोठ्या सुनेनंच दीर-जावांना फोन लावून एकत्र बोलणं केलं. दोन पोरं परत आई-बापांकडं गेली, आणि बाकीच्यांनी दरमहा पैसे पाठवायचं कबूल केलं. आजीनं तोंड उघडल्यावर जग बुडालं नाही. आईची माया आहे म्हणून हिशोब करायचाच नाही, असं कुठं लिहिलेलं नाही.

एका चुलीवर दोन दुःखं

आता जरा नाजूक बोलते. ज्या घरात लेक गेला आणि मागं सून आणि नातवंडं राहिली, तिथं सासू आणि सून दोघीही दुःखात आहेत. एकीचं पोर गेलं, एकीचा नवरा गेला. पण दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. सासूला वाटतं ही पोरांना घेऊन माहेरी निघून जाईल. सुनेला वाटतं ही मला पांढऱ्या पायाची म्हणते. त्यात सरकारी मदतीचे पैसे येणार म्हटल्यावर भावकीतले लोक कान भरायला येतात.

अशा घरी गटातल्या दोघी-तिघींनी जायला हवं, आणि दोघींशी वेगवेगळं बोलून मग एकत्र बसवायला हवं. तीन गोष्टी घरात स्पष्ट झाल्या पाहिजेत. पैसे कुणाच्या खात्यात येणार आणि कशाला वापरायचे, पोरं कुठं राहणार आणि कुठं शिकणार, आणि पोरांनी दोन्हीकडच्या माणसांना भेटायचं की नाही. भेटलंच पाहिजे, असं माझं मत. पोरानं बाप गमावलाय, त्याची आजीसुद्धा हिरावून घेऊ नका, आणि आईविरुद्ध त्याचे कान भरू नका.

आणि आजोबा? ते पारावर बसतात, नाहीतर रानात एकटेच जातात. पुरुषमाणसानं रडायचं नाही असं त्यांना लहानपणापासून शिकवलंय. काहींचं पिणं वाढलंय. त्यांना “जपा” म्हणून उपयोग नाही, काम द्या. नातवाला शाळेत सोडायचं काम आजोबांचं. संध्याकाळी गोष्ट सांगायचं काम आजोबांचं. नातवाचं बोट धरून चालणारा म्हातारा चार माणसांशी बोलतो, सावरतो.

कागद आणि पैसा

निम्मा ताण पैशाचा असतो. म्हणून हा भाग लिहून घ्या, नाहीतर सीआरपी ताईंकडून परत समजून घ्या.

कोरोनानं माणूस गेलं असेल तर जवळच्या नातेवाईकाला ५०,००० रुपये मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं हे सुरू झालंय आणि अर्ज ऑनलाईन करायचा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही म्हणून घरी बसू नका. तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरला जातो. तपासणीचा आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

आई-वडील दोघंही गेलेल्या मुलाच्या नावे राज्य सरकार ५ लाख रुपये मुदत ठेव ठेवतं. केंद्र सरकारच्या पीएम केअर्स योजनेतून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख मिळतात. या केंद्राच्या योजनेची सध्याची मुदत ३१ डिसेंबर आहे, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत. तुमच्या गावात असं एकही मूल राहिलं असेल तर आज घरी जाण्याआधी मला सांगा.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकच गेलं असेल तरी बालसंगोपन योजनेत प्रत्येक मुलामागं दरमहा १,१०० रुपये मिळतात, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढं जातो. आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, रेशन कार्ड यांच्या प्रती तयार ठेवा. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली ‘मिशन वात्सल्य’ची तालुका समिती आहे, ती याच कामासाठी आहे.

आजी-आजोबा ६५ वर्षांच्या पुढचे असतील आणि उत्पन्न कमी असेल तर श्रावणबाळ योजना, महिन्याला १,००० रुपये. विधवा सुनेसाठी संजय गांधी निराधार योजना.

गेलेल्या माणसाचं बँकेचं पासबुक काढून बघा. वर्षाला ३३० रुपये कापल्याची नोंद असेल तर तो जीवनज्योती विमा आहे, वारसाला २ लाख मिळतात. कितीतरी घरांत हे माहीतच नसतं.

शेवटचं, जमीन. तलाठ्याकडं वारस नोंद करून घ्या. अज्ञान मुलाचं नाव सातबाऱ्यावर “अ.पा.क.” म्हणून पालकाच्या नावासह लागतं. मुलाच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर आजी, अंगठा द्यायचा नाही. आधी गटात दाखवायचा.

गटानं काय करायचं?

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथं मनाचे डॉक्टर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात चौदा आज्यांना प्रशिक्षण दिलं. या आज्या दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसायच्या. ज्याला त्रास आहे त्यानं यायचं, शेजारी बसायचं, बोलायचं. आजी ऐकून घ्यायची आणि एकावेळी एका प्रश्नावर वाट काढायला मदत करायची. तिथल्या भाषेत या त्रासाला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो “फार विचार करणं”. आपल्या आज्या म्हणतात ना, “लई विचार येतात,” अगदी तेच. पुढं अभ्यास झाला तेव्हा बाकावर बसून बोललेल्यांचा त्रास खरंच कमी झालेला दिसला. आपल्या शेजारी गोव्यातही ‘संगात’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून असं काम करून दाखवलंय.

आपल्याला बाकसुद्धा लागत नाही. आपली सतरंजी आहे, दर आठवड्याची बैठक आहे. आपल्या दशसूत्रीत बचत आणि कर्जाबरोबर आरोग्य, शिक्षण आणि शासकीय योजना ही सूत्रं आहेतच. त्यांचा अर्थ आज हाच. म्हणून चार ठराव मांडते. पटले तर आपापल्या गटाच्या वहीत लिहून घ्या.

१. प्रत्येक बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं आजीसाठी. नातवंडं सांभाळणाऱ्या बाईनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

२. अशा प्रत्येक आजीला एक जोडीदारीण. आठवड्यातून दोनदा तिच्या घरी डोकावायचं आणि गोळ्या, झोप, जेवण विचारायचं.

३. बैठकीला पोरं आणायला बंदी नाही. एका बाजूला पोरांसाठी जागा, एका तरुण ताईकडं तेवढ्या वेळची जबाबदारी.

४. ग्रामसंघानं गावातल्या अशा घरांची यादी करायची. कुणाला कुठली योजना मिळाली, कुठं अडलंय, हे दर महिन्याला वाचायचं. ज्या घरात चूल अडते तिथं ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी वापरायचा. तो अशाच वेळेसाठी आहे. हप्ता थकला म्हणून अशा आजीच्या दारात तगादा लावायचा नाही, मुदत वाढवून द्यायची.

दोन नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

मावश्यांनो, आज्यांनो, एवढंच सांगते. नातवंडं मोठी व्हायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. तेवढी वर्षं त्यांना आजी पाहिजे, चालती-बोलती, गोष्ट सांगणारी आजी. म्हणून तुमची गोळी, तुमची झोप, तुमचा तो एक तास हे चोचले नाहीत, तो पोराच्याच वाट्याचा घास आहे. तो बाजूला काढून ठेवायला लाजू नका. आणि बाकीच्या आपण सगळ्याजणींनी, “पोराला टाकून कुठं यायचं?” असं कुणी म्हटलं की नुसती मान डोलवायची नाही. “आणा इकडं, मी बघते,” असं म्हणायचं.

पुढच्या बैठकीत कुठल्या गटानं किती ठराव वहीत लिहिले, ते मी विचारणार आहे.